पाचवी वायर

माझ्या हातची वायरिंग बिघडत नाही, असं मी बारा वर्षं छाती फुगवून सांगत आलो होतो. शहापुरात, आसनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा पत्र्याचा गाळा. वर ‘हरेश ऑटो इलेक्ट्रिक’ अशी पाटी आणि समोर कायम दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या. जीप आणा, टेम्पो आणा, पिकअप आणा, ट्रॅक्टर आणा. लोक म्हणायचे, हरेशचं तोंड वाईट पण हात चांगला. यातलं पहिलं मला कधी पटलं नाही.

ही गोष्ट २००२ सालच्या डिसेंबरातली. किन्हवलीचा एक जीपवाला हॉर्न दुरुस्त करून घेत होता. बिडी शिलगावता शिलगावता तो सहज बोलून गेला.

“टोकावड्याच्या कुंडलिकच्या ट्रॉलीची वायरिंग तूच केलीस ना रे? तिच्यापायी एकाची मांडी मोडली.”

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. “कोण बोलला?”

“सगलेच बोलतात. मुरबाड स्टँडवर जाऊन बघ.”

कुंडलिक मला चांगला माहीत होता. त्याचा मांडवाचा धंदा. हळदीला, लग्नाला मांडव, लायटिंग आणि जनरेटर. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला आणि ती ट्रॉली त्याच्या पिकअपच्या मागे हुकाला अडकवलेली. आदल्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यानं मला घरी बोलावून ट्रॉलीला मागचे दिवे बसवून घेतले होते. टेल लाइट, ब्रेक लाइट, डावा सिग्नल, उजवा सिग्नल. एका दिवसाचं काम मी एका दिवसात केलं होतं.

जीपवाल्यानं सांगितलं ते असं. कुंडलिक मुरबाडकडून संध्याकाळचा घरी चालला होता. सूर्य नुकताच बुडालेला. मागे मोटरसायकलवर त्याचाच चुलतभाऊ लडकू. दोघांची घरं एकमेकांना लागून, वाट एकच, मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळणारी. कुंडलिक म्हणतो, मी उजवा सिग्नल देऊन वळलो. लडकू म्हणतो, दोन्ही सिग्नल लुकलुकत होते, म्हणजे हा सरळ टोकावड्याला चाललाय, म्हणून मी उजवीकडून पुढं काढली. तो पुढं काढतोय आणि हा वळतोय. मोटरसायकल ट्रॉलीच्या चाकात गेली. कल्याणला नेऊन लडकूच्या मांडीत रॉड घातला आणि तीन महिने खाट दिली.

दोन्ही सिग्नल एकदम लावले की गाडी सरळ जाणार, असं आमच्याकडे सगळे ड्रायव्हर मानतात. लायसनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते पुस्तकात राहू द्या. रस्त्यावर हेच चालतं आणि लडकूनं तेच मानलं.

“आता दोगं बी एकमेकाला खोटा बोलतात,” जीपवाला म्हणाला. “घरात घर, पन बोलना बंद. आन तिसरी मानसा तुजा नाव घेतात.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लडकूच्या पायाचं काही वाटलं नाही. मला राग आला, तोही माझं नाव घेतल्याचा. बारा वर्षांचं नाव, आणि ते मुरबाड स्टँडवर कोणीतरी बिडी ओढत ओढत धुळीला मिळवतंय. दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं आणि मी निघालो. टोकावड्यात सगळ्यांदेखत दाखवून द्यायचं होतं, की वायरिंग शाबूत आहे आणि चूक दुसऱ्या कोणाची तरी आहे.

किन्हवलीमार्गे सरळगावपर्यंत एस्टी, तिथून टोकावड्याची जीप. पिशवीत टेस्ट लॅम्प, पक्कड, पाने, वायरचं भेंडोळं. अंगात कामाची जुनी पँट. तिच्या मांडीवर हाताएवढा हिरवा डाग होता. बायकोनं ती भांडीवालीला द्यायला काढली होती, मी परत आणली. ग्रीसमध्ये बसायला चांगली पँट कोण घालतो?

कुंडलिक अंगणातच भेटला. तसा तो गरीब स्वभावाचा माणूस, आवाज चढवणं त्याला येतच नाही. त्याची आई ताराबाई ओटीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. पिकअप आणि ट्रॉली आवळीच्या झाडाखाली उभी.

“ये हरेश,” कुंडलिक म्हणाला. “मी येनारच व्हतो तुज्याकडं.”

“येणार होतास, का आधी गावभर बोंबलणार होतास?”

“मी कोनाला काय नाय बोललो. लोकांनी इचारला वायरिंग कोनी केली, मी तुजा नाव सांगितला. येवराच.”

“लाव दिवे.”

त्यानं पिकअपमध्ये बसून चावी फिरवली. उन्हात नीट दिसेना, म्हणून मी दिव्यावर हाताचा आडोसा करून बघू लागलो. पिकअपचे स्वतःचे दिवे ठणठणीत होते. ट्रॉलीचे बघितले आणि माझं तोंड कडू झालं. उजवा सिग्नल दिला की उजवा लुकलुकत होता, पण डावाही मंद मंद मिचकावत होता. वर ब्रेक दाबला की चारही दिवे भुरकट, कुठला काय सांगतोय तेच कळेना.

“मी घरी बगितला तवा बरा व्हता,” कुंडलिक कळवळून म्हणाला. “कंदी बरा लागतो, कंदी आसा.”

म्हणजे लडकूनं दोन सिग्नल बघितले ते खरं. आणि कुंडलिकनं एकच दिला तेही खरं. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं, पण माझं डोकं एकाच गोष्टीवर अडलेलं, की हे माझ्यामुळे नाही.

मी कामाला लागलो. आधी बल्ब काढले, एकेक बॅटरीवर थेट लावून बघितला. सगळे चांगले. मग सॉकेट. पिकअपच्या मागे एक सॉकेट, त्यात ट्रॉलीची पिन बसते. आत चार वायरी, चार दिव्यांच्या. टेस्ट लॅम्प म्हणजे साधा बल्ब, एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला टोकदार सुई. चिमटा पिकअपच्या बंपरला लावला आणि सुई एकेका भोकात घातली. टेल, ब्रेक, डावा, उजवा. चारी वेळा बल्ब लख्ख पेटला. सॉकेट पॉलिश पेपरनं घासलं, पिन घासली. ट्रॉलीच्या दांड्यावरून मागे गेलेली वायर हातानं चाचपत शेवटपर्यंत गेलो. कुठं कुरतडलेली नाही, कुठं जळालेली नाही. माझी टेप जशीच्या तशी.

तास गेला, दुसरा गेला. एकेक वस्तू स्वतंत्र बघितली की चांगली, सगळी मिळून जोडली की तीच भुरकट लुकलुक. असला बिघाड मला लहान पोराच्या रडण्यासारखा वाटतो. सगळं तर ठीक आहे, मग रडतोयस कशाला?

“जनरेटरवाल्या मिस्त्रीनं हात घातला असेल,” मी म्हणालो.

“नाय रे. त्यानं नुसता आईल बदलला.”

“मग तूच पाणी मारलं असशील पाइपनं.”

“दिव्यांवर नाय मारला.”

“लडकू घेतो का संध्याकाळची?”

आतापर्यंत मऊ बोलणारा कुंडलिक ताडकन उभा राहिला. “हरेश, त्याच्यावर आसला काय बोलायचा नाय. लडक्या पीत नाय. वायरिंग बग तू.”

ज्यानं याला गावात खोटारडा ठरवलं, त्याच्यासाठी हा माझ्यावर उलटला. मला त्याचंही नवल वाटलं नाही, उलट रागच आला. ताराबाईंनी कोरा चहा आणून ठेवला. मी तणतणत ट्रॉलीच्या दांड्यावर बसलो. चहाचा पेला हातात, टेस्ट लॅम्पची वायर पायात येतेय, म्हणून चिमटा बंपरवरून काढला आणि जवळच ट्रॉलीच्या एका नटाला लावला. पुन्हा सुई सॉकेटात घातली.

बल्ब पेटला नाही.

चिमटा हलवला, दुसऱ्या नटाला लावला. नाही. परत पिकअपच्या बंपरला लावला, लख्ख. ट्रॉलीला लावला, काळोख. चहा मी तसाच खाली ठेवला.

गाडीतल्या दिव्याला करंट जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. जाताना वायरीतून जातो. परत येताना गाडीच्या लोखंडातूनच येतो, म्हणून परतीची वेगळी वायर सहसा कोणी ओढत नाही. त्याला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. ट्रॉलीचंही मी तसंच केलं होतं. जायला चार वायरी, परत यायला ट्रॉलीचं लोखंड, तिथून कडी, कडीतून हूक, हुकातून पिकअप. ही परतीची वाट बंद झाली की करंट अडून बसत नाही. तो बाकीच्या दिव्यांतून उलटा घुसून वाट शोधतो, आणि एक पेटवला की दुसरेही मिचकावतात.

मी हातभर वायर घेतली. एक टोक पिकअपला, एक ट्रॉलीला धरलं. “दे उजवा.”

उजवा लुकलुकला, झणझणीत. डावा गप्प. ब्रेक दाबला, लाल भडक. वायर सोडली, पुन्हा भुरकट. धरली, पुन्हा लख्ख. कुंडलिक पिकअपमधून मान बाहेर काढून बघतच राहिला.

आता हूक बघायचा होता. दोघांनी मिळून ट्रॉली उचलून कडी सोडवली. कडीला हिरवा ऑइल पेंट, जाड, गुळगुळीत. हुकालाही तोच. जिथं कडी हुकाला घासते तिथं नखाएवढा रंग गेला होता, बस्स. खड्डा आला की तेवढं लोखंड लोखंडाला लागायचं आणि दिवे बरोबर चालायचे. गाडी रस्त्याला लागली, ओढ बदलली, की मध्ये पुन्हा रंग. मी चाकूनं खरवडलं. वर हिरवा, खाली तांबडा, त्याखाली लोखंड.

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. सापडला चोर! आणि तो मी नव्हतो. शेजारच्या ओटीवर लडकूची बायको जिवली उभी होती, कुंपणापलीकडे आणखी दोघं-तिघं. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, “हा रंग कोणी दिला?”

“मी दिला,” ताराबाई म्हणाल्या. “दसऱ्याला.”

दसऱ्याला आमच्याकडे घरातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पुजतात. नांगराचा फाळ, कोयते, पहार, गाडी असेल तर गाडी. कुंडलिकच्या घरात पूजेच्या आधी रंग देतात आणि तो ताराबाईच देतात. पावसाळाभर ट्रॉली अंगणात उभी असते, गंज चढतो. त्या आधी तांबडा हात मारतात, मग हिरवा, आणि बोटभर जागा उघडी सोडत नाहीत.

“कडीला आणि हुकाला रंग देतं का कोणी?” मी ओरडलो. “वायरिंगमध्ये काडीची चूक नाही. तुमच्या या रंगानं लडकूचा पाय मोडला, आजी. तुमच्या रंगानं!”

ताराबाईंनी सूप खाली ठेवलं.  नुसत्या जिवलीकडे बघत राहिल्या आणि मग ओटीच्या खांबाला धरून हळूच खाली बसल्या. कुंडलिकनं माझ्याकडे असं बघितलं, की माझी नजर आपोआप खाली गेली. तो हलक्या आवाजात म्हणाला, “लडक्याची आय बाळंतपनात गेली. त्याला हिनंच पाजलाय, माज्याबरोबर.”

माझा आनंद तिथंच संपला. पण मी बरोबर होतो ना? बरोबर असलेल्या माणसानं आपली पिशवी भरावी आणि निघावं. मी पाने गोळा करायला लागलो.

ताराबाई उठल्या. अंगणात आल्या आणि वाकून माझ्या मांडीवरच्या डागाला त्यांनी बोट लावलं.

“हा रंग तुना कंदी लागला रे?”

मी पँटकडे बघितलं. “गेल्या वर्षी. इथंच.”

“ह्याच दांड्यावर बसला व्हतास. रंग वला व्हता. मी तुना घासलेट दिला पुसायला आन तू माज्यावर वरडलास. मंग कानस मागितलीस आन कडीवरचा रंग खरवडलास. मी बगत व्हते.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मना बोल्लास काय, का आजी, पुढल्या दसऱ्याला हितं रंग देव नको?”

“नाही बोललो.”

“आमी दर वरसाला रंग देतो, ह्ये तुना ठाव नवता?”

ठाऊक होतं. माझी आई दसऱ्याला माझ्या दुकानातल्या व्हाइसलासुद्धा चांदीचा रंग देते, पुढचे आठ दिवस हात बरबटतात. या तालुक्यात आणि त्या तालुक्यात घरोघरी दसऱ्याला लोखंड रंगतं, हे मला ठाऊक नसेल तर कोणाला? गेल्या वर्षी ओला रंग मांडीला लावून घेऊन, कानशीनं तो घासून, मी दिवे लावून दाखवले होते आणि मोकळा झालो होतो. परतीची पाचवी वायर ओढली असती तर वर किती का रंग देईनात, दिव्यांना फरक पडला नसता. आठ हात वायर. वीस मिनिटांचं काम. पण मला चारची एस्टी गाठायची होती. एस्टी मला मिळाली होती, हेही आता आठवलं.

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.  भेंडोळ्यातून काळी वायर काढली, ट्रॉलीच्या चेसिसला भोक पाडून रंग घासून पक्का बोल्ट मारला, वायर पुढं आणली आणि सॉकेटात पाचवी पिन बसवून पिकअपच्या चेसिसला जोडली. मग कडी आणि हूक यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून मुद्दाम लोखंडाचा लोखंडाशी संबंध तोडून बघितला. उजवा म्हटला की उजवाच लागला.

हात पुसले आणि लडकूच्या घराकडे निघालो. कुंडलिक माझ्यामागून कुंपणापर्यंत आला आणि तिथंच थांबला. जिवलीनं मला आत घेतलं.

लडकू खाटेवर होता, पाय उशांवर. माझ्याएवढाच असेल. “वायरमन ना तू? मगाशी वरडत व्हतास तो.”

“हो.” मी खाली बसलो. “लडकू, कुंडलिकनं सिग्नल दिला होता. उजवाच दिला होता. मी आत्ता बघितलं.”

त्याचं तोंड आवळलं. “मना दोन दिसले.”

“दिसणारच. दोन्ही लागत होते. त्यानं दिला एक, मागे दिसले दोन. तो खोटं बोलला नाही आणि तूही नाही.” पुढचं वाक्य मी त्याच्या पायाकडे बघत म्हटलं. “मी एक वायर टाकायची सोडली होती. टाकायला पाहिजे हे मला कळत होतं. रंगाचं मी मघाशी बोललो ते चूक. चूक माझी आहे.”

 मला वाटलं आता लडकू शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

“तो रोज येतो,” लडकू म्हणाला. “सकाळी, सांजचा. दारात हुबा ऱ्हातो. मी भिंतीकडं तोंड करतो.” मग जिवलीला म्हणाला, “भायेर आसंल बग. बोलव त्याला. आन काकीला पन.”

कुंडलिक आला, उंबऱ्याशी घुटमळला. लडकूनं खाटेची कड थोपटली तसा तो तिथं बसला.  कुंडलिकनं भावाच्या पायाखालची घसरलेली उशी नीट केली. ताराबाई दारात आल्या तेव्हा मी उठून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. बाजूनं आत गेल्या आणि लडकूच्या उशाशी बसल्या. मला ते लागलं, पण तेवढं लागायलाच हवं होतं.

जिवलीनं चहा दिला. मला वाटलं, झालं. सांगायचं ते सांगून झालं, आता चहा प्यावा आणि निघावं.

“वायरमन,” लडकू म्हणाला, “आशी चार वायरींची ट्रॉली, तू येवरी एकच केलीस?”

मी पेला तोंडाशी नेला होता, तो थांबला. सरळगावला दोन. धसईला एक, मांडववाल्याच्या जनरेटरची. किन्हवलीला, डोळखांबला, शहापुरातल्या पाण्याच्या टँकरच्या. बोटं मोजून संपली.

“चौदा,” मी म्हणालो.

“सगल्यांना दसऱ्याला रंग दिला आसंल.”

“असेल.”

“जिवले, आज कुठं हळद हाय?”

“धसईला हाय ना,” जिवली म्हणाली. “दोन घरी.”

लडकूनं खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं. मग तो माझ्याकडे वळला.

“मंग हितं काय बसलास?”

मी पेला खाली ठेवला. कुंडलिक आधीच उठून पिकअपची चावी शोधत होता.